हक्क, अधिकार आणि कायक



पंचाचारांपैकी लिंगाचार, सदाचार आणि शिवाचार यांवर निरूपण चालले असता मंडळी शांतपणे ऐकतात. गणाचाराचा विषय निघाला की तरुण मुले सरसावून बसतात. भृत्याचार हा शब्द उच्चारला की मात्र सभेत थोडी चुळबूळ होते, असा आमचा अनुभव आहे. श्रावणातील अशाच एका निरूपणानंतर नुकताच अभियंता झालेला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने सरळ विचारले, "स्वामीजी, भृत्य म्हणजे नोकरच ना? मग चार वर्षे शिकून, वर बँकेचे कर्ज काढून, आम्ही शेवटी नोकराची वृत्तीच शिकायची काय?"

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. तो मनापासून आलेला होता, म्हणून या महिन्याचा पाठ आम्ही त्यालाच दिला आहे. बेळगाव-निपाणीकडील कारखान्यांत, पुणे-हैदराबादच्या संगणक कंपन्यांत, गोव्यातील औषधांच्या कारखान्यांत, इंदूरजवळच्या पीथमपुरात आपल्या समाजाची मुले-मुली दरवर्षी पहिल्या नोकरीवर रुजू होत आहेत. त्यांचे आई-वडील मठात येतात तेव्हा एकाच घरातून दोन तक्रारी ऐकू येतात. वडील म्हणतात, हा कोठेही सहा महिने टिकत नाही. मुलगा म्हणतो, माझ्या शिक्षणाला शोभेल असे काम मला कोणी देतच नाही. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात.

प्रथम शब्दांकडे पाहू. हक्क हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या मार्गाने तो मराठीत आला आणि पक्का मराठी झाला. न्यायाने जे आपले आहे ते, असा त्याचा अर्थ. वतनदारीच्या काळातील जुन्या कागदांत 'हक्क-लाजिमा' असा जोडशब्द वारंवार येतो. पाटलाचे, देशमुखाचे जे पिढीजात येणे, ते त्याचे हक्क. म्हणजे हक्क जन्माने लाभतो, नाहीतर कराराने. अधिकार हा शब्द निराळ्या घराण्याचा आहे. शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार अनुबंध सांगण्याची रीत आहे: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. त्यांतला पहिलाच अधिकारी, म्हणजे हा ग्रंथ ऐकण्यास पात्र कोण, याचा निर्णय. मराठीतही 'मन्मथस्वामींचा अधिकार मोठा' असे आपण म्हणतो तेव्हा कपिलधारला त्यांची एखादी कचेरी होती असे कोणी समजत नाही. साधनेने अंगी आलेली योग्यता, असाच अर्थ सर्वांना कळतो.

हल्ली हे दोन्ही शब्द आपण एकाच पिशवीत टाकले आहेत आणि तेथूनच घोटाळा सुरू होतो. पदवीच्या कागदाने हक्क मिळतो. अर्ज करण्याचा, मुलाखतीस बसण्याचा, ठरलेले वेतन ठरलेल्या तारखेला घेण्याचा. अधिकार त्या कागदावर छापून येत नाही. तो हाताने काम करता करता येतो आणि बहुधा तो आल्याचे आपल्याआधी शेजारच्या माणसाला कळते.

आता भृत्य. 'भृ' धातूचा अर्थ धारण करणे, पोसणे. त्यापासून भृति म्हणजे वेतन, आणि भृत्य म्हणजे ज्याचे भरण करावयाचे तो. भर्ता हा शब्दही त्याच धातूचा. हे ध्यानात घेतले म्हणजे दिसेल की भृत्य या एका शब्दात दोघांची कर्तव्ये बसलेली आहेत. एकाने सेवा करावयाची, दुसऱ्याने त्याचे पोषण करावयाचे. पोषण न करता ज्याच्याकडून सेवा घेतली जाते त्याला भृत्य हे नावच लागू पडत नाही. आणि आपल्या संप्रदायात भृत्याचाराचा अर्थ याहून पुढे जातो. शरण हा कोणा एका धन्याचा भृत्य नसतो, तो शिवशरणांच्या सगळ्या समुदायाचा भृत्य असतो. साहेबापुढे कमरेत वाकणारा आणि शिपायावर खेकसणारा मनुष्य भृत्याचारी ठरत नाही. तो नुसता लाचार. ज्याच्याकडून काही शिकता येईल त्याला, मग त्याचा हुद्दा कोणताही असो, जो मनाने वडील मानतो, त्याच्या ठिकाणी भृत्याचार आला असे समजावे.

या विषयावर आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या दांपत्याची कथा जितकी बोलकी आहे तितकी दुसरी नाही. ती आपण सर्वांनी ऐकली आहे, पण आज ती पहिल्या नोकरीचा विचार मनात ठेवून पुन्हा ऐकावी. हे दांपत्य अमरेश्वराकडून कल्याणास आले. सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. कल्याणनगरीत याहून हलके काम कोणते असेल? त्याला ना भांडवल, ना कारागिरी, ना मानाचे नाव. तरीही त्या कामावरूनच त्यांचे नाव पडले आणि ते त्यांनी अभिमानाने मिरविले.

एके दिवशी मारय्या अल्लमप्रभूंशी तत्त्वचर्चेत रंगले. विषय कायकाचाच होता. बोलता बोलता वेळ निघून गेली आणि दाणे वेचावयाचे राहिले. लक्कम्मांनी त्यांना आठवण करून दिली की कायकाची वेळ टळते आहे, आधी ते उरका. येथे क्षणभर थांबावे. शून्यसिंहासनावरील प्रभूंशी संवाद हे त्या काळचे सर्वांत मोठे शिक्षण. त्याहून वरची पदवी नव्हती. पण त्या शिक्षणानेही दाणे वेचण्यातून सूट मिळाली नाही, आणि ही आठवण करून देणारी त्यांची धर्मपत्नी होती. आज किती घरांत आई मुलाला म्हणते, "तू एवढा शिकलास, असली कामे तू कशाला करायचीस?" लक्कम्मांनी नेमके याच्या उलट केले.

कथेचा दुसरा भाग अधिक प्रसिद्ध आहे. मारय्या एकदा रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले. लक्कम्मांनी माप पाहिले व जादा दाणे जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास सांगितले. चोरीचे दाणे नव्हते. सांडलेलेच होते, कोणी अडविलेही नव्हते. लक्कम्मांचा आक्षेप दाण्यांवर नव्हता. रोजच्या गरजेपलीकडे मनात जी हाव उठली तिच्यावर होता. कायकाला एक माप असते आणि ते माप ओलांडले की कायकाची शुद्धता जाते, हा त्यांच्या वचनांचा गाभा होय. वचनकारांमध्ये इतकी स्पष्टवक्ती हिशेबनीस दुसरी सापडणे कठीण!

नोकरीत नव्याने आलेल्या मुलाने हे माप स्वतःला लावून पाहावे. आपण अद्याप जे केलेले नाही त्याचा मान मागतो आहोत काय? सहा महिन्यांत बढती, वर्षात परदेश, पहिल्या दिवसापासून खिडकीजवळची जागा, ही मागणी कोणत्या कामाबद्दल आहे? काम दाखविता आले तर मागणी जरूर करावी. दाखविता येत नसेल तर ते जादा दाणे आहेत.

बेळगावच्या उद्यमबाग भागात फौंड्रीचे कारखाने पुष्कळ आहेत. आमच्या एका भक्ताचा मुलगा तेथे डिप्लोमा संपवून पर्यवेक्षक म्हणून लागला. त्याला वाटले होते संगणकावर आराखडे काढावयास मिळतील. मालकाने त्याला पहिले तीन महिने वाळू तयार करण्याच्या विभागात उभे केले. साच्याच्या वाळूत माती, पाणी, कोळशाची पूड असते. पाणी कमी पडले तर साचा ढासळतो; जास्त झाले तर तापलेला रस ओतताच वाफ होते आणि ओतीव मालात वायूची छिद्रे पडतात. प्रयोगशाळेत ओलावा मोजतात, तो साधारण तीन-चार टक्क्यांच्या आसपास ठेवतात, हे सारे मुलाने पुस्तकात वाचले होते. तेथे चौथी शिकलेला एक जुना कामगार होता. तो मूठभर वाळू घेई, दाबे, दोन बोटांनी मोडे आणि ती कशी मोडली यावरून पाणी सांगे. मुलगा प्रथम हसला. मग पावसाळ्यात एके दिवशी यंत्राचा आकडा येण्याआधी त्या कामगाराने घाणा थांबविण्यास सांगितले, मुलाने तो थांबविला नाही, आणि सबंध पाळीचा माल नापास झाला. त्याच्या वडिलांनी हे सांगितले तेव्हा त्यांना मुलाची लाज वाटत होती. आम्ही म्हटले, लाज कशाची? त्या मुठीत तीस वर्षांचे कायक होते, ते त्याला त्या दिवशी प्रथम दिसले. मुलगा आता त्या कारखान्यात नाही, अधिक पगारावर कोल्हापुरास गेला आहे, आणि त्यात काही गैरही नाही. पण त्या कामगाराला तो अजून मामा म्हणतो व दिवाळीला भेटावयास जातो, असे ऐकतो.

येथवर वाचून मालक आणि वडीलधारी मंडळी मान डोलावीत असतील. त्यांच्यासाठी आता दोन शब्द.

लक्कम्मांचे माप एकाच पक्षाला लावण्यासाठी नाही. ज्याने ठरलेले दिले नाही त्यानेही दुसऱ्याचे दाणे आपल्या पदरात ठेवून घेतले. २०२२ साली पदवी घेतलेल्या मुलांपैकी अनेकांच्या हाती संगणक कंपन्यांची नियुक्तिपत्रे होती. तरी त्यांना रुजू होण्यासाठी महिनोन् महिने, काहींना वर्षाहून अधिक काळ ताटकळावे लागले. २०२३ च्या फेब्रुवारीत एका मोठ्या कंपनीने तर वर्षाला साडेसहा लाख ठरलेल्या मुलांना साडेतीन लाखांवर येण्यास तयार आहात काय असे विचारले. अशा मुलाने आवाज उठविला तर त्याला उर्मट म्हणणे हा अन्याय आहे. तेथे तो हक्काविषयीच बोलतो आहे आणि हक्काला विनय आड येऊ देऊ नये. १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा व त्यापुढील कामास दुप्पट दर लिहिला गेला, शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ साली स्वतंत्र कायदा होऊन विद्यावेतन ठरले, ते काही कोणी मेहरबानी म्हणून केले नाही. 'शिकायला मिळते आहे ना' असे म्हणून सहा-सहा महिने फुकट राबवून घेणारे दुकानदार व कारखानदार आपल्या समाजातही आहेत. कपाळी विभूती, गळ्यात इष्टलिंग आणि कामगाराची हजेरी दोन वह्यांत! त्यांनी कायकावर बोलू नये.

२०२३ च्या ऑक्टोबरात श्री. नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले आणि देशभर वाद माजला. त्या वादात दोन्ही बाजूंनी तासच मोजले, असे आम्हांस वाटले. शरणांनी कायक तासांवर मोजलेले नाही. काम सत्यशुद्ध आहे काय, त्याचे योग्य येणे किती, आणि त्यातून दासोह घडतो काय, एवढेच ते पाहत.

पगाराच्या बाबतीत मुलांची एक फसगत होते ती सांगितली पाहिजे, कारण पुष्कळशी चिडचिड तेथून येते. 'पॅकेज' हा शब्द आता खेड्यातल्या आजीच्याही तोंडी आहे. वर्षाला ३ लाख ६० हजारांचे पॅकेज म्हटले की घरात सर्वजण बारांनी भागतात व महिना ३० हजार धरून चालतात. पण त्या आकड्यात भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, कधी विम्याचा हप्ता, कधी वर्षाअखेरच्या कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम असते. उरलेल्यातून मुलाचा स्वतःचा निधीचा वाटा व महाराष्ट्र-कर्नाटकात व्यवसाय कर कापला जातो. हाती पंचवीसच्या आसपास किंवा त्याहून कमी येते. त्याच सुमारास शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होतो. पहिल्याच महिन्यात मुलाला वाटते आपल्याला लुबाडले, आणि घरच्यांना वाटते मुलगा पैसे लपवितो. नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी बापलेकांनी शेजारी बसून हा हिशेब मांडावा. अर्धा तास लागतो, आणि वर्षभराची कुरबूर टळते.

ही 'मला मिळालेच पाहिजे' अशी भावना मुलांच्या मनात आली कोठून? मुले ती जन्मतः आणीत नाहीत. सोयरीक जुळविताना मुलाचे काम काय हे कोणी विचारीत नाही, पॅकेज विचारतात. गुण कमी पडले की देणगी भरून प्रवेश घेतात, आणि मग जे विकत घेतले त्याचा परतावा लवकर मिळावा असे मुलाला वाटू लागले तर नवल ते काय! मठात येणाऱ्या पत्रांत महिन्याला दोन-चार तरी अशी असतात: आमच्या आजोबांनी मठाला जमीन दिली, तीन पिढ्या आम्ही दासोहास धान्य देतो, तेव्हा संस्थेच्या शाळेत आमच्या चिरंजीवांना लावून घ्यावे. चिरंजीवांची पात्रता काय याविषयी पत्रात एक ओळही नसते. दासोह शब्दाची फोड आपले आचार्य 'दासोऽहम्' अशी करतात, मी दास आहे. आजोबांनी दास म्हणून जे दिले त्याच्यावर नातू वतनदाराप्रमाणे हक्क-लाजिमा सांगू लागला, तर आजोबांचे दानही मागे जाऊन व्यवहार ठरते. अशा पत्रांना आम्ही उत्तर पाठवितो, अर्ज रीतसर करावा; चिठ्ठी देत नाही. त्यामुळे दोन घराणी मठाकडे फिरकेनाशी झाली. येऊ लागली तर आनंदच आहे.

वशिल्याचा विषय निघाला म्हणून महात्मा बसवेश्वरांच्या चरित्रातील एक बाब अभ्यासकांनी पाहावी. त्यांचा राजसेवेतील प्रवेश जुने चरित्रकार सारखा सांगत नाहीत. हरिहराच्या कन्नड रगळेत ते मंगळवेढ्यास करणिक म्हणून, म्हणजे हिशेब लिहिणारा कारकून म्हणून, सुरुवात करतात व तेथून वर चढतात. पाल्कुरिकी सोमनाथाच्या तेलुगु बसवपुराणात मामा व सासरे असलेल्या बलदेव मंत्र्यांच्या निधनानंतर बिज्जळ राजा त्यांना बोलावून ते पद देतो. एकात खालून वर, दुसऱ्यात नात्यातून. हैदराबादकडील वाचकांना दुसरी कथा अधिक परिचयाची असेल, सोलापूर-मंगळवेढ्याकडे पहिली सांगतात. यांत ऐतिहासिक कोणती, हा वाद पंडितांचा. आमचे लक्ष दोन्ही परंपरांत सारख्या येणाऱ्या पुढील प्रसंगाकडे जाते. मत्सरी लोकांनी राजाचे कान भरले की हा भांडारातील द्रव्य जंगमांवर उधळतो. राजाने भांडार मोजावयास लावले. बसवण्णांनी मी मंत्री आहे, माझ्यावर संशय कसा घेता, असे म्हटले नाही. मोजून घ्या म्हणाले. द्रव्य पुरेपूर निघाले. पद कारकुनीतून आलेले असो की नात्यातून, अधिकार त्या मोजणीत सिद्ध झाला.

नव्या मुलांना कामावर तपासणी, फेरतपासणी, वरिष्ठांचे शेरे यांचा फार त्रास होतो. 'माझ्यावर विश्वास नाही काय?' असे ते विचारतात. बसवण्णांच्या हिशेबाची मोजणी झाली हे त्यांना सांगावे.

त्या अभियंता मुलाला आम्ही शेवटी मोळिगे मारय्यांची गोष्ट सांगितली. मोळिगे या नावात आपली मराठी मोळीच ऐकू येते. परंपरेप्रमाणे हे काश्मीरचे राजे. राज्य सोडून राणीसह कल्याणास आले आणि लाकडाच्या मोळ्या विकून दासोह करू लागले. त्यांची गरिबी पाहून बसवण्णांनी त्यांच्या झोपडीत गुपचूप सोने ठेवले, तर ते त्यांनी घेतले नाही, जंगमांना वाटून टाकले. मुलाने विचारले, "राजा होता म्हणून त्याला सोडता आले. ज्याच्याकडे सोडायला काहीच नाही त्याने काय करायचे?" प्रश्न चांगला आहे. त्याला आम्ही एवढेच म्हटले की मारय्यांना कल्याणच्या बाजारात मोळीचा भाव राजा म्हणून मिळाला नाही, लाकूड सुके आहे की ओले एवढेच गिऱ्हाईक पाहत होते. आणि जो भाव ठरला तो त्यांनी पुरता घेतला, कमी घेतला नाही. मुलगा विचार करतो म्हणाला. पुढच्या आठवड्यात तो पुण्यास रुजू होणार होता.

युवकांच्या अनुभाव-सभांतून या महिन्यात लक्कम्मांची वचने वाचावीत आणि प्रत्येकाने आपल्या कामाचे माप कोणते, ते स्वतः सांगावे. वडीलधाऱ्यांनी त्या वेळी मध्ये बोलू नये. पुढील पाठात नुलिय चंदय्यांची कथा घेऊ. गवत कापून दोऱ्या वळणाऱ्या या शरणाने प्रत्यक्ष इष्टलिंगालाही कायकातून सूट दिली नव्हती.